जंगलाची भरपाई आणि ग्रामसभेची संमती

पर्यायी वनीकरण निधी कायदा, २०१६ हा भारतात जंगलाच्या नावाने साठलेल्या सर्वांत मोठ्या रकमेचा कायदा आहे. धरण, खाण, महामार्ग किंवा विजेच्या वाहिनीसाठी वनजमीन वळती केली, की ती मागणाऱ्या यंत्रणेला मुख्यतः दोन रकमा भराव्या लागतात. एक, गेलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावण्याचा खर्च. दुसरी, ते जंगल उभे राहिले असते तर पुढच्या वर्षांत त्यापासून जे पाणी, माती, हवा, लाकूडफाटा मिळाला असता, त्याची आजच्या भावात काढलेली किंमत. या किमतीला निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. हा पैसा कुठे ठेवायचा, कोणी खर्चायचा आणि कशावर, हे या कायद्याने ठरवले. ज्या जंगलाची ही भरपाई, त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भिल्ल, गोंड, कोरकू, माडिया, कोलाम, वारली लोकांचा या पैशावर अधिकार किती, हा प्रश्न कायदा होत असतानाच संसदेत उभा राहिला आणि अर्धवटच सुटला. या प्रश्नाची पाळेमुळे जुनी आहेत, आणि त्यांतली काही उज्जैन व भोवतालच्या माळव्यात सापडतात.

अवंतीची राजधानी असलेले उज्जैन हे वनातले तीर्थ मानले गेले. पुराणांत या क्षेत्राचे एक नावच महाकालवन आहे. बौद्ध परंपरेनुसार राज्यावर येण्यापूर्वी अशोक इथे मौर्यांचा प्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होता. पुढे सम्राट झाल्यावर त्याने कोरवलेल्या लेखांत जंगलाविषयी दोन सूर ऐकू येतात. पाचव्या स्तंभलेखात विनाकारण किंवा प्राणिहत्येसाठी वने जाळू नयेत अशी आज्ञा आहे. तेराव्या शिलालेखात मात्र राज्यातल्या अटवींना, म्हणजे रानात राहणाऱ्या लोकांना, समजुतीच्या गोष्टी सांगतानाच राजाच्या दंडशक्तीची आठवणही करून दिली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुप्याध्यक्ष नावाचा अधिकारी वनोपजाचा हिशेब ठेवतो आणि तोडीचा दंड वसूल करतो. रान राखण्याची कळकळ आणि रानातल्या माणसाविषयीचा संशय या देशाच्या राज्यकारभारात इतक्या जुन्या काळापासून शेजारी शेजारी आहेत.

अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात मराठा सरदारांमध्ये माळव्याची वाटणी झाली आणि उज्जैन राणोजी शिंद्यांकडे आले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरजवळच्या लष्करला राजधानी हलवीपर्यंत उज्जैन हे मराठी सत्तेचे मोठे ठाणे होते, आणि मराठी घराणी शहरात स्थिरावली ती याच काळात. ज्या मराठी राज्यपरंपरेतून हे सरदार माळव्यात आले, तिच्यात झाडाच्या मालकीचा विचार आधीच लिहून ठेवलेला होता. १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचे प्रकरण आहे. आंबा आणि फणस यांचे लाकूड जहाजाच्या कामाचे असले तरी त्याला हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे अमात्य सांगतात. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच, तर धन्याला राजी करून आणि पैसे देऊनच ते तोडावे, बळजोरी करू नये. तोडीआधी संमती आणि तोडीबद्दल मोबदला, हे दोन्ही एकाच हुकमात आहेत, आणि मोबदला झाडाच्या धन्याच्या हातात जातो. पुढच्या तीनशे वर्षांत हे दोन धागे एकमेकांपासून सुटत गेले.

ते सोडवण्याचे काम इंग्रजी अमदानीने पद्धतशीरपणे केले. १८६४ मध्ये वनखाते निघाले, १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, आणि १८७८ च्या कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग पाडले. राखीव जंगलात गावाचा हक्क नोंदला गेला नाही, तर तो नव्हताच असे धरले जाई. ग्रामवनाचे कलम कागदावर राहिले. १९२७ च्या कायद्याने हीच चौकट पक्की केली आणि ती स्वातंत्र्यानंतरही टिकली. १९३० साली लोकनायक अणे यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला, त्याच वर्षी सप्टेंबरात उरणजवळच्या चिरनेरला गोळीबार झाला, सातपुड्यात बैतुलकडे कोरकू आणि गोंड याच कारणासाठी उठले. गवताची पेंढी आणि सरपणाची मोळी यांसाठी माणसे तुरुंगात गेली, यावरून तो हक्क त्यांना किती मोलाचा होता ते दिसते.

माळव्याच्या पठारावर या काळात वेगळेच घडले. काळ्या जमिनीवर गहू, कापूस आणि अफूचे पीक वाढत गेले आणि सपाटीवरचे रान शेताखाली आले. आज उज्जैन जिल्ह्याच्या सहा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रात जंगलाचे प्रमाण एक टक्काही नाही. महाकालवन नावापुरते उरले. रान आणि रानातली माणसे पश्चिमेला सरकली, रतलामच्या सैलाना भागात आणि त्यापलीकडे झाबुआच्या डोंगरांत. हक्काचा हा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडणारा माणूस त्याच पट्ट्यातून पुढे आला.

झाबुआ-रतलाम भागाचे खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९५ मध्ये आपला अहवाल दिला. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेने आदिवासींसाठी खास कारभार नेमलेल्या भागात, पंचायत राज कसे असावे हा समितीपुढचा विषय होता. प्रशासनातली नोकरी सोडून आदिवासींच्या बाजूने उभे राहिलेले डॉ. ब्रह्मदेव शर्मा त्या समितीत होते. अहवालाचा गाभा असा, की आदिवासी गाव हे स्वतः कारभार करू शकणारे एकक आहे आणि त्याची ग्रामसभा ही त्याची खरी संस्था आहे. २४ डिसेंबर १९९६ रोजी अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, म्हणजे पेसा, अमलात आला तो या अहवालावरून. गावाच्या परंपरा आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे या कायद्याने मान्य केले आणि गौण वनोपजाची मालकी तिला देऊ केली. भूसंपादनाच्या बाबतीत मात्र ‘सल्लामसलत’ एवढाच शब्द वापरला. हा शब्द पुढे पुन्हा भेटतो.

योगायोग असा, की त्याच महिन्यात, १२ डिसेंबर १९९६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यातला पहिला मोठा आदेश दिला. केरळ-तमिळनाडू सीमेवरच्या नीलगिरीतल्या तोडीवरून सुरू झालेले हे प्रकरण देशभरच्या जंगलांचे प्रकरण बनले. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमीन वळती करण्यास केंद्राची परवानगी सक्तीची केली होती आणि तिच्याबरोबर पर्यायी वनीकरणाची अट घातली होती. न्यायालयापुढे जे आले ते असे: अट घातली जाते, पैसे घेतले जातात, पण झाडे लागत नाहीत, आणि पैसा राज्यांच्या इतर खात्यांत मिसळून जातो. म्हणून ऑक्टोबर २००२ मध्ये न्यायालयाने स्वतंत्र निधी उभारण्यास सांगितले. एप्रिल २००४ मध्ये त्यासाठी प्राधिकरणाची अधिसूचना निघाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला कॅम्पा म्हणतात, आणि वनखात्यात शिपायापासून सचिवापर्यंत सगळे आजही या पैशाला ‘कॅम्पाचा पैसा’च म्हणतात. ते प्राधिकरण प्रत्यक्षात कामाला लागले नाही, तेव्हा २००६ मध्ये न्यायालयाने तात्पुरती व्यवस्था नेमून राज्यांकडचा पैसा तिच्याकडे जमा करायला लावला. २००८ मध्ये वनाचा प्रकार आणि घनता पाहून हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे निव्वळ वर्तमान मूल्याचे दर ठरले. २०२२ मध्ये ते वाढवले गेले.

पैसा साठत गेला, जंगल मात्र त्या प्रमाणात उभे राहिले नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये दिलेल्या अहवालातले आकडे बोलके आहेत. २००६ ते २०१२ या काळात पर्यायी वनीकरणासाठी १,०३,३८२ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर. प्रत्यक्ष वनीकरण झाले ते ७,२८१ हेक्टरांवर, म्हणजे मिळायला हव्या असलेल्या जमिनीच्या सात टक्क्यांवर. दरम्यान २००८ मध्ये निधीला कायद्याचे रूप देणारे विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही राज्यसभेत अडले आणि बारगळले.

याच दहा वर्षांत दुसऱ्या बाजूने एक मोठा बदल झाला होता. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला आणि १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले. आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी स्पष्ट कबुली कायद्याच्या प्रास्ताविकातच आहे. कसत असलेल्या जमिनीच्या हक्काची चर्चा जास्त झाली, पण त्या कायद्यातला अधिक खोलवर जाणारा भाग सामूहिक वनसंपत्तीचा आहे. गावाने परंपरेने राखलेल्या जंगलाचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळाला. ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली, आणि १८ एप्रिल २०१३ च्या नियमगिरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या डोंगरिया कोंधांच्या ग्रामसभांना खाणीविषयी निर्णय घ्यायला सांगितले. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. म्हणजे २०१५ मध्ये निधीचे विधेयक पुन्हा संसदेत आले, तेव्हा जंगलात ग्रामसभा नावाची संस्था कायद्याने उभी होती. विधेयकाने तिची दखल घेतली नाही, आणि वादाचे मूळ इथेच होते.

३ मे २०१६ रोजी विधेयक लोकसभेत मंजूर झाले, तेव्हा उज्जैनमध्ये सिंहस्थ भरला होता. क्षिप्रेकाठी २२ एप्रिलपासून २१ मेपर्यंत चाललेल्या या मेळ्याला जोडून शहराजवळच्या निनोरा गावी १२ ते १४ मे या दिवसांत वैचारिक महाकुंभ झाला. शेवटच्या दिवशी पंतप्रधानांनी तिथे ५१ कलमांचा सिंहस्थाचा सार्वभौम संदेश प्रसृत केला. त्यात निसर्ग, नद्या आणि पर्यावरण यांविषयीची कलमे होती. हा कार्यक्रम घडवून आणण्यात राज्यसभेचे सदस्य अनिल माधव दवे यांचा मोठा वाटा होता. दवे याच जिल्ह्यातले, १९५६ साली बडनगरला जन्मलेले. ‘नर्मदा समग्र’ ही त्यांची संस्था, नदी हा त्यांचा ध्यास, आणि शिवाजी महाराजांच्या राज्यकारभारावर त्यांनी पुस्तकही लिहिले होते. ५ जुलै २०१६ रोजी प्रकाश जावडेकर यांच्याकडून पर्यावरण खात्याची सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि तीन आठवड्यांत हे विधेयक राज्यसभेत मांडण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडली.

राज्यसभेतला मुद्दा नेमका होता. माजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी दुरुस्ती मांडली, की निधीतून होणाऱ्या कामांना ग्रामसभेची संमती लागेल असे कायद्यातच लिहावे. त्यामागचे कारण अनुभवाचे होते. पर्यायी वनीकरणासाठी रिकामी म्हणून दाखवलेली जमीन बऱ्याचदा रिकामी नसते. तिथे कोणाचे गुरांचे चराईरान असते, कोणाची वनहक्काच्या दाव्यात अडकलेली शेती असते, कोणाचे मोहाचे झाड असते. वनखात्याचे रोपवन आले की तारेचे कुंपण येते आणि गाव बाहेर पडते. दव्यांनी नियम करताना या चिंतेची काळजी घेण्याचे आश्वासन दिले, रमेश यांनी दुरुस्ती मागे घेतली, आणि २८ जुलै २०१६ रोजी विधेयक मंजूर झाले. दव्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण मंत्र्याच्या शब्दाचे आयुष्य मंत्र्याच्या कारकिर्दीएवढेच असते, कलमाचे कायद्याएवढे. १८ मे २०१७ रोजी दव्यांचे अकस्मात निधन झाले. स्मारक, पुतळा, पुरस्कार काही नको, आठवण ठेवायचीच असेल तर झाडे लावा आणि जगवा, असे त्यांनी २०१२ मध्येच लिहून ठेवले होते. नियम त्यांच्या मृत्यूनंतर, १० ऑगस्ट २०१८ रोजी निघाले. त्यांत निधीतली कामे ‘ग्रामसभा किंवा वनसंरक्षण समिती’ यांच्याशी सल्लामसलत करून करावीत असे म्हटले आहे. संमती हा शब्द आला नाहीच, शिवाय ‘किंवा’ने ग्रामसभेला बगल देण्याची वाटही मोकळी ठेवली, कारण वनसंरक्षण समितीच्या कारभारावर खात्याचा वरचष्मा असतो.

कायद्याची रचना थोडक्यात अशी. जमा रकमेपैकी ९० टक्के राज्यांच्या निधीत आणि १० टक्के राष्ट्रीय निधीत. हा पैसा वर्षअखेर परत जात नाही आणि त्यावर व्याज मिळते. राज्यात मुख्यमंत्री नियामक मंडळाचे, मुख्य सचिव सुकाणू समितीचे आणि वनखात्याचे प्रमुख कार्यकारी समितीचे अध्यक्ष असतात. निव्वळ वर्तमान मूल्यापैकी किमान ८० टक्के रक्कम वन आणि वन्यजीव व्यवस्थापनावर, उरलेली यंत्रणा बळकट करण्यावर. संरक्षित क्षेत्रातल्या गावांच्या ऐच्छिक स्थलांतरावरही हा पैसा खर्च करता येतो, हे आदिवासी संघटनांना विशेष टोचते. ३० सप्टेंबर २०१८ पासून कायदा लागू झाला आणि २९ ऑगस्ट २०१९ रोजी २७ राज्यांना मिळून ४७,४३६ कोटी रुपये सोपवण्यात आले. मध्य प्रदेशाला ५,१९६ कोटी मिळाले, महाराष्ट्राला ३,८४४ कोटी. ओडिशा आणि छत्तीसगड यांचा वाटा यांहून मोठा होता. ज्या राज्यात खाणी जास्त त्याला पैसा जास्त, हे या निधीचे गणितच आहे. एखाद्या ग्रामसभेचे हक्काचे सामूहिक जंगल वळते झाले, तरी त्याच्या निव्वळ वर्तमान मूल्यातला हिस्सा तिच्या खात्यात जमा होण्याची तरतूद या गणितात नाही.

ग्रामसभेच्या हाती जंगल दिले तर काय होते, याचे सर्वांत जुने आणि तपासून पाहता येणारे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचे आहे. शंभराच्या आसपास घरे आणि सुमारे १,८०० हेक्टर जंगल. ऐंशीच्या दशकापासून देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ या गावाला लाभली. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय पुरता समजून घ्यायचा, ही तिथली रीत. जंगलाचे नियमही असेच ठरले. फळासाठी झाड तोडायचे नाही, मधासाठी मोहोळ जाळायचे नाही, बाहेरच्याने गावाला विचारल्याशिवाय जंगलात काम करायचे नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची, आणि ती फलकावर रंगवण्याआधी त्यांनी आचरली.

१५ ऑगस्ट २००९ रोजी मेंढा आणि शेजारच्या मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. देशातला तो पहिला. पण हक्काचा कागद आला तरी बांबू विकता येईना. बांबू गाडीत घालून नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो आणि तो द्यायचा अधिकार वनखात्याचा. खात्याचे म्हणणे, बांबू हे झाड आहे. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट घातलेला असूनही हा वाद दोन वर्षे चालला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हवाली केले. तेव्हापासून ग्रामसभा स्वतः परवाना फाडते, बांबूचा भाव ठरवते, मजुरी बँकेतून देते. विक्रीतून उरलेला पैसा जंगलाच्या कामाला वापरला जातो. एका परवाना-पुस्तकाने जे साधले, ते त्याआधीच्या कित्येक योजनांना साधले नव्हते. आता गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क आहेत आणि कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा बांधली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर बांबूवर पोट असतानाही आपल्या जंगलाचा एक भाग तोडीपासून पूर्ण मुक्त ठेवला आहे.

थेट गावाला निधी देण्याचा प्रयोगही महाराष्ट्रात झाला आहे. तेव्हाचे राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्या ऑक्टोबर २०१४ च्या अधिसूचनेनंतर आदिवासी उपयोजनेच्या रकमेतला पाच टक्के भाग पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना सरळ देण्याचे ठरले आणि २१ एप्रिल २०१५ रोजी त्याचा शासन निर्णय निघाला. ‘पाच टक्के अबंध निधी’ या नावाने तो ओळखला जातो. १३ जिल्ह्यांतल्या ५९ तालुक्यांत पूर्णतः किंवा अंशतः पसरलेल्या अनुसूचित क्षेत्राला तो लागू आहे. खर्चाचे चार विषय ठरलेले: पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसा यांची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण, आणि वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वनतळी, वन्यजीव पर्यटन व वनउपजीविका. चौथा विषय वाचला तर आदिवासी गावाने स्वतःच्या हाताने करायच्या वनसंवर्धनाचा निधी म्हणून यापेक्षा जवळचे काही भारतीय कायद्यात नाही. काय करायचे ते ग्रामसभेने ठरवावे, ही त्यामागची कल्पना. ज्या गावांत ग्रामसभा जागी आहे तिथे ती उतरली, जिथे ग्रामसेवकाच्या टेबलावर आराखडा झाला तिथे नाही.

जगात इतरत्र हा विचार कायद्यापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोहोचला. ऑस्ट्रेलियाने १९९७ मध्ये सरकारी दूरसंचार कंपनीचे काही भाग विकून आलेल्या पैशातून निसर्गवारसा निधीचा कायदा केला आणि त्या आधारावर आदिवासी संरक्षित क्षेत्रांची योजना सुरू केली. पहिले क्षेत्र १९९८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात अडन्यामथान्हा लोकांच्या नांतावरिना भूमीवर जाहीर झाले. जमीन त्यांची, ती संरक्षित करण्याचा निर्णय त्यांचा, आणि रक्षकांचे पगार या योजनेतून. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वर्षावनासाठी २००७ मध्ये केंद्र, प्रांत आणि खासगी देणगीदार यांनी मिळून १२ कोटी कॅनेडियन डॉलरचा निधी उभारला आणि त्यातला निम्मा कायम ठेव म्हणून ठेवला. तिच्या व्याजावर तिथल्या आदिवासी राष्ट्रांचे वनरक्षणाचे काम चालते. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत अशा कामासाठी १.७ अब्ज डॉलरचे आश्वासन दिले गेले. या सगळ्यांत जमीन सांभाळणाऱ्या समाजाला आधी धनी मानले आहे, पैशाची व्यवस्था त्यानंतर आली आहे. भारताचा निधी यांपैकी कित्येकांहून मोठा आहे, पण त्याचा उगम जंगल गमावण्यात आहे आणि त्याची किल्ली खात्याकडे.

पुन्हा माळव्याकडे वळायचे तर उज्जैन संभागात, म्हणजे महसुली विभागात, या विषयाची खरी जागा सैलाना आहे. संभागातला अनुसूचित क्षेत्रात येणारा तेवढाच भाग. इथल्या गवताळ बीडांत पावसाळ्यात तणमोर प्रजननासाठी येतो. माळव्यात त्याला खरमोर म्हणतात. कोंबडीएवढा हा पक्षी गवतात दबून बसतो, आणि विणीच्या दिवसांत नर गवतावरून पुन्हा पुन्हा उंच उसळी घेतो तेव्हाच तो दृष्टीस पडतो. डॉ. सालिम अली यांच्या आग्रहावरून १९८३ मध्ये सैलान्याला आणि धार जिल्ह्यात सरदारपूरला त्याच्यासाठी अभयारण्ये झाली. पण पक्षी अभयारण्याची हद्द पाळत नाही, तो शेतात उतरतो. म्हणून तणमोर दाखवून त्याची वीण सांभाळणाऱ्या गावकऱ्याला रोख बक्षीस देण्याची योजना मध्य प्रदेश वनखात्याने आणली. रक्कम लहान, पण दिशा बरोबर: राखणाऱ्याच्या हातात मोबदला. विदर्भात अकोला-वाशीमच्या माळांवर फासेपारधी समाजाने ‘संवेदना’ या संस्थेच्या साथीने याच पक्ष्यासाठी गवताळ राने राखली. पूर्वी फाशांत पक्षी धरणाऱ्यांचे ज्ञान तिथे पक्षी वाचवण्याच्या कामी आले.

सैलान्यापलीकडे झाबुआत भिल्लांची हलमा ही परंपरा आहे. एखाद्याचे काम एकट्याने उरकत नसेल तर तो हलमाची हाक देतो आणि गाव मजुरी न घेता धावून येते. महेश शर्मा यांच्या ‘शिवगंगा’ संस्थेने ही हाक डोंगरासाठी द्यायला सांगितली. तेव्हापासून झाबुआ शहरालगतच्या हाथीपावा टेकडीवर हजारो भिल्ल स्त्री-पुरुष कुदळ-फावडी घेऊन जमतात आणि सकाळच्या काही तासांत उतारावर पाणी अडवणारे चर खणून परत जातात. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी राष्ट्रपतींच्या उपस्थितीत शहडोल येथे मध्य प्रदेशाचे पेसा नियम जाहीर झाले. मूळ कायदा होऊन तोवर जवळपास २६ वर्षे लोटली होती. २० जिल्ह्यांतल्या ८९ विकासखंडांना ते लागू आहेत आणि तेंदूपत्त्याच्या संकलन-विक्रीचा निर्णय ग्रामसभा घेऊ शकते.

केंद्रात मात्र पारडे उलट बाजूला झुकले. जून २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी ग्रामसभेच्या संमतीची खातरजमा केंद्राच्या परवानगीआधी करण्याचे बंधन काढून ती जबाबदारी राज्यांवर टाकली. आदिवासी विकास मंत्रालयाने २०२३ मध्ये सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि २ ऑक्टोबर २०२४ रोजी हजारीबागहून सुरू झालेल्या धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानात अशा व्यवस्थापनाला आर्थिक मदतही ठेवली. ती मदत अभियानाची आहे, अभियानाची मुदत संपली की ती संपेल. कायम निधी ज्या कायद्यात आहे तो २०१६ चा कायदा. गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभांकडे आज वनहक्काचा दाखला, व्यवस्थापन आराखडा आणि स्वतःचे बँक खाते आहे. २०१६ च्या कायद्यात ‘सल्लामसलत’च्या जागी ‘संमती’ लिहिण्यासाठी आणि त्या खात्यांत हिस्सा थेट भरण्यासाठी संसदेत एक दुरुस्ती पुरेशी आहे, आणि ती अजून झालेली नाही.